मुलाच्या चेहऱ्यावर मालकी कोणाची?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्ते, शिक्षक व पालक यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रांत आपण उसाच्या दराविषयी आणि निळवंड्याच्या पाण्याविषयी बोललो. दुपारच्या सत्रासाठी 'शालेय सहलीतील मुलांची छायाचित्रे' असा विषय छापलेला पाहून काही साथी हसले. त्यांना मी दोष देत नाही. माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे नोकरी केली, वीस-बावीस सहली नेल्या. नगरचा किल्ला, चांदबिबीचा महाल, नेवासे, प्रवरानगरचा साखर कारखाना, रेहेकुरीची काळविटे, भंडारदऱ्याचे धरण. मुलांना दाखवावे असे या जिल्ह्यात पुष्कळ आहे. त्या साऱ्या काळात हा प्रश्न मलाही कधी प्रश्न वाटला नाही. तो वाटू लागला तो माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

२०१८ च्या डिसेंबरात आमची नववीची सहल भंडारदऱ्यास गेली होती. निम्म्या भाड्यात मिळालेल्या एस.टी.च्या दोन गाड्या, घरून बांधून आणलेल्या भाकरी आणि पहाटेपासून चाललेली गाणी. रतनवाडीस अमृतेश्वराचे देऊळ पाहून झाले. शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्या चढताना एका मुलीचा पाय घसरला. मागच्या मुलाने चटकन तिचा हात धरला. दोघेही हसली, भोवतालची सारी मुले हसली. मला ते दृश्य आवडले आणि मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले. रतनवाडीस रेंज नव्हती. शेंडीच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा ते मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि खाली मुलांच्या कौतुकाच्या दोन ओळी लिहिल्या.

आमच्या गाड्या संगमनेर ओलांडून गावी पोहोचेपर्यंत ते छायाचित्र माझे राहिले नव्हते. कोणीतरी त्याच्या कडा कापल्या होत्या. मी घेतलेल्या छायाचित्रात एकोणीस मुले होती. गावातल्या इतर गटांवर फिरणाऱ्या छायाचित्रात दोनच होती. मुलगी गावातल्या एका वजनदार घरची होती, मुलगा वस्तीवरचा होता. त्यांच्या जाती मी सांगत नाही; आपल्याकडे त्या सांगाव्या लागत नाहीत. रात्री दहा वाजता गाडी थांबली तेव्हा मुलीचा चुलता फाट्यावर उभा होता. तो काही बोलला नाही. मुलीचे दप्तर घेतले आणि तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला.

सोमवारी मुलगी शाळेत आली नाही. आठवड्याने मी घरी गेलो. घरच्यांनी चहा दिला, आदराने वागवले. मुलीचे वडील म्हणाले, "सर, तुमचं काही चुकलं नाही. उलट तुमच्या फोटोमुळं आम्हाला वेळेत कळलं." मुलीला मामाकडे ठेवल्याचे त्यांनी सांगितले. वर्ष उलटण्याच्या आत तिचे लग्न झाल्याचे कानी आले. ते वय कायद्यात बसणारे नव्हते. मी कोठेही तक्रार केली नाही; ती माझी दुसरी चूक. मुलाचे वडील स्वतःच शाळेत आले आणि त्यांनी दाखला मागितला. मी कारण विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कारण लिहू नका."

साथींनो, ती भीती त्या बापाच्या मनाचा खेळ नव्हती. जामखेड तालुक्यात खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलत होता, एवढ्याच कारणावरून त्याला मारले असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या मुलाचे नाव आपण सर्व जाणतो. आजच्या विषयाला धरून मी ते येथे उच्चारीत नाही. ज्या समाजात मुलाने मुलीशी बोलणे जिवावर बेतू शकते, त्या समाजात हातात हात धरलेले छायाचित्र म्हणजे काय, याचा विचार मी शेंडीच्या नाक्यावर करावयास हवा होता.

खाजगीपणा ही चैन नव्हे

आपल्या चळवळीत एक समजूत फार दिवस आहे. खाजगीपणा, एकान्त, स्वतःची खोली या बंगल्यात राहणाऱ्यांच्या गोष्टी. ज्याचे सारे घर एका खोलीत मावते त्याला खाजगीपणाचे काय, असे आपण म्हणत आलो. शिवाय, ज्याने काही वाईट केलेले नाही त्याला लपवावयाचे तरी काय, असाही प्रश्न विचारला जातो. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

खाजगीपणाच्या हक्काची आधुनिक मांडणी १८९० साली अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी केली. त्यांच्या लेखाला निमित्त झाले ते त्या वेळी नवीनच आलेले झटपट छायाचित्र आणि लोकांच्या घरात डोकावणारी वृत्तपत्रे यांचे. ते सुखवस्तू माणसांचे गाऱ्हाणे होते, हे खरे. परंतु त्याच काळात आपल्या देशात गरिबाच्या चेहऱ्याचे आणि बोटाचे काय चालले होते? सरकारने १८६८ पासून भारतातील जातीजमातींची छायाचित्रे आठ खंडांत प्रसिद्ध केली. माणसे प्राण्यांच्या नमुन्यांसारखी त्यात मांडलेली आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि त्यांची नोंदवही पोलिसांच्या ताब्यात दिली. पुढे त्यात बोटांचे ठसेही आले. आपल्या जिल्ह्यातले पारधी हे सारे भोगून आलेले आहेत. १९५२ साली त्या जमाती कागदावर मुक्त झाल्या. आजही एखादी पारधी आई आपल्या मुलाचा फोटो काढू देत नाही तेव्हा आपण तिला अडाणी म्हणतो. ती अडाणी नाही. चेहऱ्याची नोंद कोणाच्या हाती गेली म्हणजे काय होते, हे तिच्या कुळाने तीन-चार पिढ्या पाहिले आहे.

याचा अर्थ असा की, ज्याच्यापाशी पैसा, जमीन, वकील आणि ओळख आहे त्याचा खाजगीपणा भंगला तरी तो सावरू शकतो. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याला खाजगीपणाची गरज अधिक आहे. आणि गरिबांतही सर्वांत दुबळे कोण, तर मूल. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरच्या गावी येऊन राहिलेल्या बाईचे मूल घ्या. शाळेचा गणवेश, मागे शाळेच्या नावाचा फलक आणि सहलीचा दिवस, एवढे एका छायाचित्रात दिसले की त्या बाईचा पत्ता सापडलाच. अनाथाश्रमातील, बालगृहातील किंवा एच.आय.व्ही.ग्रस्त कुटुंबातील मूल घ्या. त्याचे छायाचित्र संस्थेच्या नावासह निघाले की त्याची सारी कहाणी वर्गाला कळते. ही मुले काही वाईट करून लपत नाहीत. आपली गोष्ट कोणाला सांगावयाची, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना हवा आहे. गुप्तता आणि खाजगीपणा यांत हा भेद आहे.

आपल्या पिढीला तरी हे अवघड वाटू नये. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू आणि आचार्य नरेंद्र देव कैदेत होते. मुलांना आपण ती खोली दाखवतो, तेव्हा कैद्यांची पत्रे फोडून वाचली जात हेही सांगतो. आणीबाणीत आपल्यापैकी अनेकांनी ते स्वतः अनुभवले. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात नागरिकाचा जगण्याचा हक्कही आणीबाणीत टांगून ठेवता येतो असा निर्णय दिला होता. तो निर्णय स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला गेला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात. आणि हा खटला होता खाजगीपणाच्या हक्काचा. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क मानला. त्यातील न्यायमूर्ती कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा मुद्दाम उल्लेख केला आहे: लहानपणीच्या चुका आणि भाबडेपणा यांची शिक्षा माणसाला जन्मभर भोगावी लागू नये. शाळेच्या सहलीचा प्रश्न आणि आणीबाणीचा प्रश्न एकाच निकालपत्रात भेटतात, तो योगायोग नाही.

छायाचित्र मागतो कोण?

आता कोणी म्हणेल, दोष शिक्षकाचा. त्याने मोबाइल खिशात ठेवावा. मी स्वतःचा दोष कबूल केलाच आहे. परंतु शिक्षकाच्या हाती मोबाइल दिला कोणी, हेही पाहिले पाहिजे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय काढला की, शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटांसह सेल्फी काढून ती 'सरल' प्रणालीवर चढवावी. उद्देश गळती रोखण्याचा सांगितला होता. मोठा विरोध झाल्यावर तो निर्णय बाजूला ठेवावा लागला. त्या विरोधात मीही होतो. आम्ही काय म्हणालो ते मला आठवते: रेंज नाही, डेटाचा खर्च कोण देणार, शिकवावयाचे केव्हा. सर्व मुद्दे बरोबर होते. पण मुलांना विचारले का, असे त्या वेळी माझ्या तोंडून एकदाही निघाले नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांचे संदेशपत्र हाती धरलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या सेल्फी संकेतस्थळावर चढविण्याचे काम शाळांकडे आले. या वेळी गळतीचेही निमित्त नव्हते. लाखो मुलांचे चेहरे एका पत्राच्या प्रसिद्धीसाठी वापरले गेले.

आज एकही उपक्रम छायाचित्राशिवाय झाला असे मानले जात नाही. झाड लावले, फोटो. हात धुतले, फोटो. खिचडी वाढली, फोटो. शिक्षकाचा शब्द कोणी मानीत नाही म्हणून त्याला मुलाचा चेहरा पुरावा म्हणून जोडावा लागतो. ज्याच्यावर वरून अविश्वास आहे तो खाली मुलांवर कॅमेरा रोखतो. हा साखळीचा प्रकार आहे आणि साखळीचे शेवटचे टोक मुलाच्या गळ्यात आहे.

दुसरा मागणारा बाजार आहे. फी घेणाऱ्या शाळांनी सहलीची छायाचित्रे फलकांवर, फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर झळकवावयाची, म्हणजे पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढतात. जाहिरातीत काम करणाऱ्या मोठ्या माणसाला मोबदला मिळतो आणि त्याचा करार होतो. मूल मात्र फुकट राबते, आणि सहलीची वर्गणीही त्याचाच बाप भरतो. शिवाय ज्या कंपन्यांच्या भिंतींवर हे फोटो लागतात त्यांचा धंदाच लोकांचे लक्ष जाहिरातदारांना विकण्याचा आहे. मुलाच्या चेहऱ्यावर असा दुहेरी नफा होतो आणि त्याचा हिशेब मुलाला कोणीच देत नाही.

तिसरी गोष्ट अलीकडची. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये एका प्रचंड चित्रसंग्रहाची तपासणी केली. संगणकाला चित्रे काढावयास शिकविण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्या संग्रहात होते. त्याचा दहा लाखांतला एक भागही तपासून झाला नव्हता, तोच ब्राझीलमधील १७० आणि ऑस्ट्रेलियातील १९० मुलांची छायाचित्रे सापडली. कित्येक छायाचित्रे आईवडिलांनी किंवा शाळांनी कौतुकाने, मोजक्या माणसांसाठी टाकलेली होती. अशा यंत्रांचा उपयोग काय होतो, ते स्पेनमधील अल्मेंद्रालेहो या गावाने २०२३ मध्ये पाहिले. वीसहून अधिक मुलींच्या साध्या छायाचित्रांवरून त्यांची खोटी नग्न चित्रे तयार करून फिरविली गेली. करणारी बाहेरची टोळी नव्हती; त्याच परिसरातील शाळकरी मुले होती. पुढच्या वर्षी न्यायालयाने पंधरा मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. तेथे वापरलेली साधने आपल्या तालुक्यातल्या मोबाइलवरही उतरविता येतात.

आणि छायाचित्र आपल्या जागेवरून सुटले की काय करते, याचे उदाहरण परदेशात शोधावयास नको. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा देशभर फिरल्या. त्यांच्यासोबत लहान मुलांची छायाचित्रे आणि चित्रफिती होत्या. एक चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेच्या प्रचारासाठी बनविलेली होती. तिचा शेवटचा संदेश कापून टाकलेला होता. अशाच अफवेच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. सद्हेतूने बनविलेल्या चित्राच्या कडा कापल्या की त्याचे शस्त्र होते. माझ्या छायाचित्राच्याही कडाच कापल्या होत्या.

कायदा कोणाला झाकतो?

कायदे नाहीत असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलाच्या खाजगीपणाचे रक्षण करते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने, आणि काळजीची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांना मूल मानले असून त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यासही त्यात मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मात्र संमतीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे.

परंतु या कायद्यात दोन मोठी भोके आहेत. घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला तो लागू नाही. म्हणजे पालकांच्या गटावरून पुढे जाणाऱ्या छायाचित्राबाबत त्याचा आधार फारसा मिळणार नाही. दुसरे असे की, शासनाने स्वतःसाठी सवलती राखून ठेवल्या आहेत. लाभ, अनुदान किंवा सेवा देताना शासनाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे. खाजगी शाळेच्या मुलाच्या पालकाला निदान कागदावर सही मागतील. आश्रमशाळेतल्या, हंगामी वसतिगृहातल्या मुलाला तेवढेही मिळेल की नाही, याची शंका आहे.

आणि याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, ती या जिल्ह्याने तरी विसरू नये. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीतून माहितीच्या अधिकाराचे आंदोलन उभे राहिले. त्यातून महाराष्ट्राचा २००२ चा कायदा आला आणि २००५ मध्ये देशाचा. २००५ च्या कायद्यात खाजगी माहिती नाकारण्याची तरतूद होती. पण सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणाचा अनाठायी भंग करणारी माहितीच तेवढी नाकारता येत असे. २०२३ च्या कायद्याने ही अट काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलातही आला. त्याला मात्र अठरा महिन्यांची मुदत लागली नाही. सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याचे दुसरे कलम शिल्लक आहे, हे मान्य. तरीही ठेकेदाराचे नाव किंवा अधिकाऱ्याची मालमत्ता विचारली की 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले. मुलाला संरक्षण देणाऱ्या कलमाला मुदत, आणि सत्तेला झाकणाऱ्या कलमाची तत्काळ अंमलबजावणी, असा हा क्रम आहे. आपली भूमिका याच्या उलट असली पाहिजे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा कारभार उघडा असावा आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा ताबा असावा.

आनंदाचे काय?

माझे बोलणे ऐकून पाथर्डीकडच्या एका शिक्षिकेने मला एकदा अडविले होते. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणता ते खरं, पण आमच्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात. पोरगं सहलीला गेलं, हसतंय, जेवतंय, हे त्या माउलीला फडावर मोबाइलवर दिसतं. तेवढंही काढून घ्यायचं का?" या प्रश्नाला मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. श्रीमंताच्या घरी मुलाचे शंभर अल्बम असतात. गरिबाच्या घरी शाळेने काढलेला एकच फोटो असतो, आणि तो भिंतीवर लावलेला असतो. छायाचित्र मुळातच बंद करा, असे म्हणणारा माणूस या मुलांचा मित्र नव्हे.

पण त्या शिक्षिकेच्या प्रश्नातच उत्तर आहे. त्या आईला आपल्या मुलाचा फोटो हवा आहे; तो दोनशे माणसांच्या गटाला मिळावा अशी तिची मागणी नाही. आईला पाठवा, गावाला पाठवू नका. एवढे केले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेल्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. हे आपले लोकशाहीचे सर्वांत जवळचे व्यासपीठ आहे. दिवाळीनंतर सहलींचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या बैठकीत पुढील गोष्टींचा ठराव करता येईल.

पहिली: छायाचित्रासाठी पालकांची संमती वेगळी घ्यावी; सहलीच्या परवानगीच्या कागदात ती दडवू नये. 'नाही' म्हटल्यामुळे मूल सहलीतून किंवा लाभातून वगळले जाणार नाही, असे त्याच कागदावर लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. मागणाराच देणारा असेल तर गरिबाचा होकार मोकळा नसतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी: मुलालाही विचारावे. चौदा वर्षांची मुलगी हाताने तोंड झाकते तेव्हा ती उत्तर देत असते.

तिसरी: सहल चालू असताना ठावठिकाणा सांगणारे छायाचित्र कोठेही टाकू नये. मुले सुखरूप असल्याचा निरोप शब्दांत द्यावा; त्याला चेहरा लागत नाही.

चौथी: गटावर फक्त सामूहिक, दुरून घेतलेले छायाचित्र जावे, नाव, इयत्ता, गाव लिहू नये. प्रत्येक मुलाचा फोटो त्याच्या पालकालाच द्यावा, आणि ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याला कागदावर छापून द्यावा. वर्ष संपले की शिक्षकाच्या मोबाइलवरील साठा पुसावा.

पाचवी: वरून फोटो मागणाऱ्या कार्यालयाला समितीने लेखी विचारावे की, तो कोणत्या नियमान्वये हवा, कोण पाहणार आणि केव्हा नष्ट करणार. शिक्षक एकटा हा प्रश्न विचारू शकत नाही, त्याला कारणे दाखवा नोटीस येते. समितीने विचारला तर शिक्षकाच्या पाठीशी गाव उभे राहते. शिक्षक संघटनांनीही आपल्या मागण्यांत हा मुद्दा घालावा.

आपल्या घरापासून

शेवटची गोष्ट आपल्याविषयी आहे. ती कटू आहे, पण आपसात बोलावयास हरकत नाही. गेल्या वर्षभरात आपण वह्यावाटपाचे, गणवेशवाटपाचे, आरोग्य तपासणीचे जे कार्यक्रम केले त्यांची छायाचित्रे मी काल पुन्हा पाहिली. प्रत्येकात एक कार्यकर्ता हसत उभा आहे. समोर एक मूल वही हातात घेऊन मान खाली घालून उभे आहे. कार्यकर्त्याचे नाव खाली दिले आहे. मुलाचे नाव नाही, पण चेहरा आहे, आणि गावाला चेहरा पुरतो. दहा वर्षांनी ते मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्नाला उभे राहील, तेव्हाही 'घेणारा' म्हणून ते तेथे सापडेल. दान घेतानाचा माणसाचा चेहरा जगाला दाखवावयाचा नसतो, ही आपल्याकडची जुनी रीत होती. शासनाच्या सेल्फीवर टीका करणाऱ्यांनी ती आधी पाळावी.

अन्याय दाखविण्यासाठी छायाचित्र लागते, हे मी जाणतो. आश्रमशाळेचे गळके छप्पर दाखवा, दार नसलेले संडास दाखवा, पाण्यासारखी आमटी दाखवा. ती दाखविलीच पाहिजेत. गळके छप्पर सिद्ध करावयास त्याखाली झोपलेल्या मुलीचा चेहरा लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी: आजच्या अभ्यासवर्गाने एक साधा नियम करावा. आपल्या कोणत्याही कार्यक्रमात काही स्वीकारणाऱ्या मुलाचे छायाचित्र निघणार नाही, आणि निघालेली जी आपल्या पानांवर आहेत ती या आठवड्यात उतरविली जातील. त्यानंतर आपण शाळा व्यवस्थापन समित्यांकडे जाऊ. त्याआधी जाण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ते छायाचित्र मी त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवरून पुसून टाकले. गावातल्या किती मोबाइलवर ते अजून आहे, ते मला ठाऊक नाही. ती मुलगी आज एकवीस-बावीस वर्षांची असेल. तिची क्षमा मागावी असे पुष्कळदा वाटते. पण तिला शोधीत तिच्या सासरी जाणे म्हणजे तिची गोष्ट पुन्हा एकदा चव्हाट्यावर आणणे. म्हणून तिच्याकडे जावयाचे मी टाळले आहे आणि आपल्याकडे आलो आहे.